गावंडे मॅडमची तपासणी

गावंडे मॅडमच्या हाताखाली मी चार वर्षं काढली. त्या चार वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. माझं माहेर मोर्शीचं, म्हणून मी ‘मोर्शी’. माझ्या शेजारी बसणारा सागर इंगोले ‘अंजनगाव’, रिसेप्शनवरची शबाना ‘अचलपूर’. नवीन आलेल्या एकानं एकदा धीर करून आपलं नाव सांगितलं, तर त्या म्हणाल्या, नाव घेण्यासारखं काम कर, मग घेते. दोन महिन्यांनी तो पुण्याला निघून गेला. त्याचं गाव कोणतं होतं तेवढं मला अजून आठवतं, नाव नाही.

अमरावतीला राजापेठेत एका कापडाच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर आमची कंपनी होती. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. मशीन रक्त तपासतं, आकडे आमच्या सॉफ्टवेअरकडे येतात, आणि पेशंटच्या नावाचा छापील रिपोर्ट बाहेर पडतो. मधल्या वाटेवर आकडा बदलू नये, एकाचा दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये, हे बघणं मॅडमचं काम. त्यासाठी त्यांनी प्रोग्राम तपासणारे प्रोग्राम लिहिले होते. रोज सकाळी सातला ते आपोआप चालायचे आणि आम्ही दहाला पोचेपर्यंत भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर निकाल लागलेला असायचा. सगळं ठीक असेल तर हिरवा पट्टा. एक जरी गोष्ट चुकली तर लाल, आणि त्याखाली ज्यानं चूक केली त्याचं नाव. ही नाव दाखवायची सोय मॅडमनीच केली होती. तिथं मात्र त्या गाव लिहीत नसत, पूर्ण नाव लिहीत, बापाच्या नावासकट.

उंच, हाडापेरानं मोठी बाई. वय पन्नाशीच्या आत-बाहेर. फिक्या रंगाची सुती साडी आणि जाड टाचेच्या चपला. त्या चपला जिन्यात वाजल्या की तिसऱ्या मजल्यावर बोलणं थांबायचं. पूर्वी अकोल्याला कुठल्याशा कॉलेजात गणित शिकवायच्या. ते का सोडलं याच्या तीन-चार कहाण्या होत्या, पण विचारायची कोणाची छाती नव्हती. अमरावतीत खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी दुपारी पिशवी उचलून अकोल्याच्या गाडीला जायच्या. जेवायला भाकर, तेल-तिखट आणि कांदा. कोणाला द्यायच्या नाहीत, कोणाचं घ्यायच्या नाहीत. ऑफिसात कोणाचा वाढदिवस असला आणि पेढा पुढे केला तर म्हणायच्या, “ठेव. पेढा खाऊन मी कोणाची टेस्ट पास करत नाई.”

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती सहा वर्षं घरी बसल्यानंतर. लग्न, मग मुलगा, मग सासूचं आजारपण. कॉम्प्युटरची पदवी कपाटात होती. मुलाखतीत मॅडमनी विचारलं, सहा वर्षं काय केलं? मी सांगितलं. लेकरू आता कोणाजवळ आहे? सासूबाईंजवळ. त्यावर त्यांनी एक कॉम्प्युटर दाखवला. अकरा तऱ्हेच्या रक्ततपासण्या होत्या. प्रत्येकीत पाठवलेला आकडा आणि आलेला आकडा सारखा आहे का, हे तपासायचा प्रोग्राम लिही म्हणाल्या. हात गंजलेला होता. मी हिमोग्लोबिनचा एक लिहिला आणि तोच खाली दहा वेळा उतरवून नावं बदलली. तासाभरात काम झालं. मला वाटलं, जमलं.

मॅडमनी खुर्चीवरून उठायला लावलं आणि सगळ्या ऑफिससमोर ते अकराही मोठ्यानं वाचायला सांगितले. पंधरा-वीस माणसं हातातलं काम थांबवून ऐकत होती. सातव्याला मला माझी चूक दिसली. उतरवताना गडबड झाली होती आणि मी आलेला आकडा पाठवलेल्या आकड्याशी न ताडता पाठवलेला पाठवलेल्याशीच ताडला होता. तो कायम बरोबरच येणार. मी थांबले. मॅडम म्हणाल्या, वाच. मी म्हटलं, मॅडम, इथं चुकलंय, दुरुस्त करते. “वाच. पुढचंबी वाच.” मी आठवा, नववा, दहावा, अकरावा वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी नितीनबाबूंना, म्हणजे आमच्या मालकांना, माझ्यासमोरच सांगितलं, “घ्या हिले. रडली नाई.”

रडले होते मी. नंतर, खाली दुकानाच्या मागच्या मोरीत. ते त्यांना ठाऊक होतं हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

त्यांनी मला जे शिकवलं ते मात्र नीट शिकवलं, हे नाकारता येत नाही. अकरा वेळा तेच लिहायचं नाही, एकदाच लिहायचं, हे पहिलं. तपासणीचा एकच साचा करायचा आणि त्यात ज्या जागी हिमोग्लोबिन किंवा साखर यायची तिथं नुसतं ‘टी’ अक्षर ठेवायचं. वापरताना सांगायचं की हा टी म्हणजे साखर. एकदा सांगितलं की मग त्या साच्यात हिमोग्लोबिनचा आकडा कोणी घालू गेलं तर प्रोग्राम चालायच्या आधीच, लिहितानाच, कॉम्प्युटर अडवतो. मॅडम फळ्यावर तो टी काढायच्या आणि खडूनं त्यावर ठोकत विचारायच्या, हा कोण? मी एकदा म्हटलं, कोणीही. “कोणीबी नाई. सांगेपर्यंत कोणीबी. सांगितल्यावर फक्त तोच. तुमी लोकं इथंच मरता.” तीन महिने रोज एक तास हे चाललं. चुकले की खडू फेकून मारायच्या. मी दोन वेळा वाकले, तिसऱ्यांदा लागला.

साच्यावर त्यांचा एवढा भरवसा असला तरी हिरव्या पट्ट्यावर नव्हता. स्क्रीन हिरवी बघून कोणी खूश झालं की म्हणायच्या, “हिरवं तं शेवाळबी असते. पाय ठेवून पाह्य.”

एकदा माझ्या मुलाला ताप होता. सासूबाईंचा दुपारी फोन आला. मी मॅडमकडे सुट्टी मागितली. त्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, “तुले ताप उतरवता येते का?” मी म्हटलं, नाही. “मंग बस. औषध तुयी सासूबी देऊ शकते.” मी बसले. उठून जायला हवं होतं, हे मला आज कळतं. त्या वेळी नोकरी लागून दुसरा महिना चालू होता आणि मी बसले. चारच्या सुमारास मुलाला आकडी आली. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. तो बरा झाला, पण मी घरी पोचले तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं आणि सासूबाईंना घट्ट धरलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, किती होता? एकशे चार. “मोजला कोणं?” मी म्हटलं, सासूबाईंनी. “चश्मा लावून का तसाच?” एवढं विचारून त्या कामाला लागल्या. त्यांना खरोखरच तो आकडा बरोबर आहे की नाही हे जाणून घ्यायचं होतं. दुसरं काही नव्हतं त्यात. त्या दिवशी मी मनात त्यांचं नाव कुठंतरी लिहून ठेवलं.

सागर इंगोलेचं प्रकरण याच्या पुढच्या वर्षीचं. सागर अंजनगाव सुर्जीचा, हुशार, हसतमुख. घरचा पानमळा. त्याचं लग्न ठरलं होतं आणि वडील पत्रिका वाटायला मुद्दाम अमरावतीला आले होते. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, हातात पेढ्याचा पुडा आणि केळीच्या पानात बांधलेली घरची पानं. सागर त्यांना टेबलाटेबलापाशी नेऊन ओळख करून देत होता.

नेमकं त्याच सकाळी मॅडमना सागरच्या कामात एक गोष्ट सापडली होती. नवीन तपासण्या साच्यात बसवताना त्याला कंटाळा आला म्हणून त्यानं टीच्या जागी काहीच सांगितलं नव्हतं. असं केलं तर कॉम्प्युटर अडवत नाही, फक्त पिवळी सूचना देतो की बाबा, इथं काहीही येऊ शकेल. ती सूचना दिसू नये म्हणून त्यानं वर एक ओळ टाकून तिचं तोंड बंद केलं होतं. शिवाय तपासायला घेतलेले सगळे खोटे आकडे त्यानं पाचच ठेवले होते. युरियाला पाच, साखरेला पाच, कॅल्शियमला पाच. मग कोणाचाही आकडा कोणाच्याही जागी गेला तरी पाचाला पाच जुळणार आणि पट्टा हिरवा राहणार. पंधरा दिवस तो तसाच हिरवा होता.

म्हातारा मॅडमच्या टेबलापाशी आला आणि त्यानं वाकून पत्रिका पुढे केली. मॅडमनी खुर्ची दिली, बसवलं, पाणी मागवलं. आम्हाला वाटलं, आज तरी सोडतील. मग त्या सागरला म्हणाल्या, तू जे केलं ते बाबांना सांग. त्यांना समजेल असं सांग. सागर हसला, नंतर बोलू म्हणाला. “आता सांग. ते बसून हायेत.”

सागरनं सांगितलं. कसं सांगितलं असेल त्यानं, मला अजून नवल वाटतं. साचा, टी, पिवळी सूचना, पाच, सगळं. मध्ये अडखळला की मॅडम नुसत्या पुढे म्हणायच्या. बाप नीट ऐकत होता, एकदोन ठिकाणी त्यानं प्रश्नही विचारला. सगळं झाल्यावर त्यानं पानांचा पुडा उचलून मांडीवर घेतला.

“आमच्यातबी हायेत असे,” तो म्हणाला, “वरून चांगलं पान लावतेत अन् खाली सडकं. त्यायच्याकडून मंग कोणी माल घेत नाई. पोरगी देत नाई.”

हे तो मुलाकडे न बघता बोलला. मग त्यानं मॅडमना हात जोडले, पोरगं तुमच्या पदरात घातलंय म्हणाला आणि राहिलेल्या टेबलांवर न जाता जिना उतरून गेला. पेढ्याचा पुडा तसाच राहिला. सागर महिन्याभरानं सोडून गेला. लग्न झालं, पण आमच्यापैकी कोणी गेलं नाही, कारण पत्रिका आमच्या टेबलांपर्यंत पोचल्याच नव्हत्या. मॅडमना मी एकदाच विचारलं की वडिलांसमोर कशाला. त्या म्हणाल्या, “त्याले मायं भेव नोयतं. बापाचं हाय.” त्यांचं बरोबर होतं आणि त्याचाच आम्हाला जास्त राग यायचा.

आम्ही त्यांच्या माघारी त्यांच्या चालीची नक्कल करायचो. शबाना सगळ्यात छान करायची. मी दुसऱ्या नंबरवर.

चौथ्या वर्षी नितीनबाबूंना अकोल्याच्या एका मोठ्या लॅबचं काम मिळालं. सोमवारी सॉफ्टवेअर चालू करून द्यायचं कबूल केलं होतं. लॅबनं नवीन मशीन घेतलं होतं आणि त्याचे आकडे आमच्याकडे येताना कोणता आकडा कशाचा हे न सांगता नुसत्या ओळीनं यायचे. मॅडमच्या साच्यात ते बसेनात. पट्टा आठवडाभर लाल. मॅडम म्हणाल्या, प्रत्येक आकड्याला त्याची जात लावावी लागेल, दहा दिवस लागतील. नितीनबाबू म्हणाले, दहा दिवस नाहीत. मॅडम म्हणाल्या, मग लालच राहू द्या. आणि शनिवारी दुपारी पिशवी उचलून निघून गेल्या.

त्या गेल्यावर नितीनबाबूंनी मला आत बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, मॅडमनी फार केलं कंपनीसाठी, पण आता त्यांचं वय झालं, माणसं टिकत नाहीत त्यांच्यापायी. त्यांची जागा कोणीतरी घ्यायलाच हवी. मग विचारलं, तुम्हाला जमेल का हिरवं करायला?

मला जमत होतं. कसं करायचं ते सागरनं दाखवून ठेवलं होतं. साच्यातला टी मी रिकामा सोडला, पिवळी सूचना बंद करणारी ओळ वर टाकली आणि खोट्या पेशंटचे सगळे आकडे पाच केले. अर्ध्या तासाचं काम. स्क्रीन हिरवी झाली तेव्हा ऑफिसातल्या चार-पाच जणांनी टाळ्या वाजवल्या. मला माझ्या मुलाचं फिरवलेलं तोंड आठवलं आणि बरं वाटलं. हे मी लपवत नाही.

सोमवारी सकाळी नितीनबाबू आणि मी अकोल्याला लॅबमध्ये होतो. साडेदहाला मॅडमचा फोन आला. मी घेतला नाही. पुन्हा दोनदा आला, तेव्हाही नाही. त्या तेव्हाच अकोल्याहून अमरावतीला पोचल्या होत्या, हिरवा पट्टा बघून त्यांनी फाईल उघडली होती आणि खाली उतरून परत अकोल्याची गाडी धरली होती. दोनच्या सुमारास लॅबच्या जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या.

लॅबचे डॉक्टर, नितीनबाबू आणि मी कॉम्प्युटरपाशी उभे होतो. बाहेर बाकांवर माणसं दंडाला कापूस धरून बसली होती. मॅडमना घाम आला होता. मी त्यांना घामेजलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी डॉक्टरांना सरळ सांगितलं, या सॉफ्टवेअरचे रिपोर्ट देऊ नका, याची तपासणी झालेली नाही. नितीनबाबू हसले. म्हणाले, मॅडमना आम्ही निवृत्त करतोय, त्याचं त्यांना वाईट वाटतंय. मॅडमना ते तिथंच, तेव्हाच कळलं. डॉक्टर भला माणूस होता. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, तुम्ही केलंय ना हे काम? तुम्ही सांगा, काय खरं?

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी फळ्यासमोर उभी असताना उत्तराची वाट पाहायच्या, तशाच पाहत होत्या.

“मॅडमची पद्धत जुनी झाली आहे,” मी म्हटलं. “त्यात उगाच चुका दिसतात.”

“एक खोटा रोगी टाकून पाह्य,” मॅडम म्हणाल्या. “सगळे आकडे येगयेगळे ठेव. पाच मिन्टं लागतेत, मोर्शी.”

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेरून कोणीतरी विचारत होतं, रिपोर्ट किती वाजता मिळेल. नितीनबाबूंनी मॅडमच्या कोपराला धरलं आणि त्यांना जिन्यापर्यंत नेऊन सोडलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. एवढ्या उंच बाईला असं कोणी धरून नेताना बघायला विचित्र वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं सामान एका खोक्यात भरून खाली वॉचमनजवळ ठेवलं. वर यायचं नाही असा निरोप होता. त्यांनी खोकं उघडून फक्त जेवणाचा डबा काढून घेतला, बाकी तिथंच ठेवलं, असं वॉचमन सांगत होता. वर आम्ही गिला वडा मागवला होता. शबानानं नक्कल केली. मी हसले आणि दोन प्लेट खाल्ल्या. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या खुर्चीवर बसायलाही लागले होते.

ते दहा दिवसांचं काम मी मग बसून केलं. करावं लागणार हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. मनाशी म्हणत होते, हळूहळू करू, कोणाला कळायचं नाही. नवव्या दिवशी सगळ्या आकड्यांना जाती लावून झाल्या आणि पट्टा लाल झाला. नवीन मशीन पोटॅशियम आणि युरिक ॲसिड उलट्या क्रमानं पाठवत होतं. नऊ दिवस अकोल्याच्या प्रत्येक रिपोर्टात एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर छापला गेला होता. हे दोन आकडे दिसायला एकमेकांसारखेच असतात, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. बहुतेकांना त्यानं फरकही पडला नाही.

मी जुने रिपोर्ट एकेक करून तपासले. मूर्तिजापूरचे एक गृहस्थ होते, मूत्रपिंडाचा आजार. त्यांचं पोटॅशियम मशीननं सहा पूर्णांक नऊ दाखवलं होतं. एवढं असलं तर माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात घालतात, कारण हृदय बंद पडू शकतं. आमच्या रिपोर्टात ते चार पूर्णांक सहा होतं आणि सहा पूर्णांक नऊ हा आकडा युरिक ॲसिडपुढे होता. दोन्ही ठिकाणी सगळं ठीक दिसत होतं. मी फॉर्मवरच्या नंबरावर फोन केला. एका बाईनं उचलला. मी लॅबचं नाव सांगून आजोबांची तब्येत विचारली. ती म्हणाली, ते तर वारले, रिपोर्टच्या तिसऱ्या दिवशी. झोपेतच गेले, रिपोर्ट तर चांगला आला होता.

नितीनबाबू म्हणाले, सुधारलं ना आता? मग विषय संपला. म्हातारा माणूस होता, जाणारच होता.

त्यानंतरच्या रविवारी मी अकोल्याला गेले. डाबकी रोडवर विचारत विचारत मॅडमचं घर सापडलं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पाच-सहा मुली गणितं सोडवत बसल्या होत्या, एकही वर बघत नव्हती. मॅडम दारात आल्या. त्यांनी ये म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. मी दारातच सगळं सांगितलं. आकडे सांगितले. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, मशीनचा आकडा तू स्वतः पाहिला का? मी हो म्हटलं. मग मी रडायला लागले. मला वाटलं होतं, त्या ओरडतील, काहीतरी फेकून मारतील. त्यासाठीच गेले होते बहुधा.

“मले कावून सांगून राहिली?” त्या म्हणाल्या. “मी त्याची कोण लागतो?”

त्यांनी आत वळून मुलींना काहीतरी सांगितलं, चपला घातल्या, दाराची कडी ओढली आणि म्हणाल्या, “चाल.”

आम्ही स्टँडवर गेलो आणि मूर्तिजापूरची गाडी धरली. त्यांनी स्वतःचं तिकीट काढलं, माझं काढलं नाही. खिडकीपाशी बसल्या. मी एकदा म्हटलं, मॅडम, माझी नोकरी जाईल, पोलीस केस होईल, मुलगा लहान आहे. त्या खिडकीबाहेर तुरीकडे बघत होत्या. मी पुन्हा म्हटलं, तेव्हा म्हणाल्या, “हो.” तेवढंच.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते माझं आहे, मॅडमचं नाही. नोकरी गेली. तक्रार झाली. नितीनबाबूंनी लिहून दिलं की हा बदल मी परस्पर केला. फाईलवर माझंच नाव होतं, त्यामुळे त्यांना ते सोपं गेलं. खटला अजून चालू आहे आणि तारखांना मी जाते. त्या मुलानं, म्हणजे गेलेल्या गृहस्थांच्या मुलानं, मला कधी शिवी दिली नाही. तारखेला भेटला की मान हलवतो. मॅडमना साक्षीला बोलावलं होतं. त्यांनी जे जसं झालं तसं लिहून पाठवलं, त्यात माझ्या बाजूचा एकही शब्द नव्हता आणि विरुद्धही नव्हता. त्या कागदावर मी माझं पूर्ण नाव त्यांच्या अक्षरात पहिल्यांदा पाहिलं.

पण मला सांगायचा आहे तो रविवार. मूर्तिजापूरला उतरून आम्ही फॉर्मवरच्या पत्त्यानं त्या घराच्या गल्लीत पोचलो तेव्हा एक वाजला होता. ऊन चढलं होतं आणि रस्त्यावर कोणी नव्हतं. घराच्या ओट्यावर एक बाई गहू निवडत होती. फोन बहुतेक तिनंच उचलला असावा. मॅडम पलीकडच्या बंद दुकानाच्या पत्र्याखाली थांबल्या. मी म्हटलं, तुम्ही पण या ना. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि हाताची घडी घातली.

मी रस्ता ओलांडला. ओट्यावरच्या बाईनं सूप बाजूला ठेवलं, कोण पाहिजे विचारलं. मी म्हटलं, लॅबकडून आले आहे, आजोबांच्या रिपोर्टाबद्दल थोडं बोलायचंय. तिनं आत नवऱ्याला हाक मारली आणि माझ्यासाठी खुर्ची आणायला उठली. मी वळून पाहिलं. मॅडम तिथंच होत्या, उन्हानं डोळे बारीक करून माझ्याकडे बघत. आतून तो माणूस बनियनवर शर्ट चढवत बाहेर आला आणि बसा म्हणाला. मी बसले नाही. उभ्यानंच पहिलं वाक्य बोलले, “तुमच्या वडिलांचा रिपोर्ट चुकीचा होता, आणि ती चूक मी जाणूनबुजून केली.”

त्यावर तो काय म्हणतो हे ऐकायला मॅडम थांबल्या नाहीत. मी पुन्हा बघितलं तेव्हा त्या गल्लीच्या टोकाशी पोचल्या होत्या आणि स्टँडच्या दिशेनं, नेहमीच्याच चालीनं, भरभर निघाल्या होत्या.